गोळी कोणी बंद केली

प्रिय खारूताई,

तुझे समोरचे दोन दात मीच सरळ केले त्याला आता बारा वर्षं होतील, तरी हे नाव काही माझ्या तोंडून सुटत नाही. नावामागे डॉक्टर लागलं तरी बाबा खारूताईच म्हणतात म्हणून तू रागावशील. रागाव. पुढे रागावण्यासारखं बरंच आहे, त्यापुढे हा राग तुला लाडातला वाटेल.

आधी इथली खबरबात. दवाखान्यातली तुझी नवी खुर्ची आली. जिन्याच्या वळणावर ती अशी काही अडकली की चार माणसं अर्धा तास नुसती एकमेकांना सूचना देत उभी होती. शेवटी तुझ्या आईने खालून ओरडून सांगितलं, "अहो, आधी पाय काढा तिचे!" आणि मग ती निमूट वर गेली. आतल्या खोलीला तू सांगितलेला फिकट हिरवा रंग दिलाय. वॉशबेसिनचा नळ बदलला. जुनी खुर्ची अजून कोपऱ्यात पडून आहे, तिच्यावर बसूनच हे लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत. दवाखाना तीन आठवड्यांपासून बंद आहे. रंगकाम चालू आहे म्हणून बंद, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. रंग चार दिवसांत झाला होता.

तू परवाच्या निरोपात ताईंबद्दल लिहिलंस ते मी चार-पाच वेळा वाचलं. तुझ्या पहिल्या दिवशी दवाखान्यात यायला त्यांनी नकार दिला याचं तुला वाईट वाटलं, आणि वाटणारच. शाळा सुटल्यावर तू माझी वाट बघत बाकावर झोपी जायचीस, तेव्हा स्वतःची ओढणी तुझ्या अंगावर घालणारी ती बाई. एकवीस वर्षं त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून काम केलं. "इतकी वर्षं आपल्याकडे काढली आणि माझ्यासाठी अर्धा तास नाही? माणसं अशी कशी बदलतात?" असं तू लिहिलंस. ताई बदलल्या नाहीत, बाळ. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं, हे मी तुला सांगितलं होतं. त्यांचे गुडघे तुझ्या-माझ्यापेक्षा धड आहेत. त्या का गेल्या ते सांगायचं तर मला समोरच्या शिंपीकाकांपासून सुरुवात करावी लागेल.

काकांचं दुकान तुला आठवतंच. रस्ता ओलांडला की निळ्या दाराचं, आत दोन मशीन, एकावर काका, दुसऱ्यावर काकू काजं करत बसलेल्या. कॉलेजला निघालीस तेव्हा तुझे दोन पांढरे कोट त्यांनीच शिवले होते आणि तू हट्ट धरलास म्हणून आतल्या बाजूला पेनचा खिसा लावला होता. पुढे तिसरा कोट त्यांनी का शिवून दिला नाही, हे तू एकदा विचारलं होतंस. साधारण अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी कापड बेतताना त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. तोंड थोडं वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, पण मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा इशारा आहे, मानेतली रक्तवाहिनी आतून खडबडीत झालीय. तेव्हापासून काकांना रोज एक छोटी ॲस्पिरिनची गोळी सुरू झाली, जन्मभरासाठी. त्यानंतर मी तुझ्या कोटाचं कापड घेऊन गेलो तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "डॉक्टर, पांढरं आता नको. सुई टोचली की बोट थांबतच नाही हो. पूर्वी चोखलं की झालं. आता गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडतो."

मग मी त्यांच्या काउंटरवर कोपर टेकून त्यांना समजावून सांगितलं. तुला हे सगळं पाठ आहे, पण मी त्यांना कसं सांगितलं ते लिहितो, कारण पुढे त्यावरच सगळं येऊन ठेपतं. म्हटलं, काका, रक्तात बारीक कण असतात, प्लेटलेट्स. कुठे जखम झाली की पहिला कण तिथे जाऊन चिकटतो आणि बाकीच्यांना हाका मारतो, या रे, इकडे फुटलंय. मग सगळे धावत येतात, एकमेकांना धरून बसतात आणि भोक बुजतं. ही गोळी त्या कणांचा हाक मारण्याचा आवाज बंद करते. कण असतात, फिरतात, पण मोठ्याने ओरडता येत नाही. म्हणून बोटाचं रक्त थांबायला वेळ लागतो. आणि म्हणूनच तुमच्या मानेत जिथे खडबडीत झालंय, तिथे ते उगाच गर्दी करून गुठळी करत नाहीत. काका म्हणाले, "मग एकदाच जबरी डोस देऊन कायमचे गप्प का करत नाहीत?" मी म्हटलं, एकदा गप्प झालेला कण मरेपर्यंत गप्पच राहतो, पण त्याचं आयुष्यच आठ-दहा दिवसांचं. शरीर रोज नवे बनवतं, त्यांना आवाज असतो. रोज नवे म्हणून रोज गोळी. गोळी थांबवली तर दहा दिवसांत सगळे नवे, सगळे बोलके. काका इतके हसले! म्हणाले, "कपडे कधी देता म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी अशी एखादी गोळी असेल तर बघा."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं तुझ्या मनात क्षणभरसुद्धा येऊ नये.

दहा महिन्यांपूर्वी, तुझ्या पदवीदानाच्या बारा दिवस आधी, काका दाढ दाखवायला आले. खालची उजवीकडची, अर्धी तुटलेली, मुळं वाकडी. काढायलाच हवी होती, पण घाई नव्हती. गोळी चालू ठेवून ती काढता आली असती. जखमेत औषधी स्पंज भरायचा, दोन टाके घालायचे, कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावायला लावायची, आणि थोडं जास्त वेळ रक्त आलं तर पुन्हा चावायला लावायची. बस. पुस्तकात हे लिहिलेलं आहे, गेली कित्येक वर्षं लिहिलेलं आहे, मी स्वतः एका सभेत ते इतरांना वाचून दाखवलं होतं. फार तर मेंदूच्या डॉक्टरांना एक फोन. तोही मी केला नाही.

का केला नाही ते सांगतो. दवाखाना नवा होता तेव्हा, तू जन्मायच्या आधी, मी एका निवृत्त बसचालकाची दाढ काढली होती. तोही हीच गोळी घेत होता आणि मी विचारलंही नव्हतं. तीन तासांनी तो तोंडाला टॉवेल लावून परत आला. बाहेरचा बाक माणसांनी भरलेला. त्याने टॉवेल बाजूला केला आणि एक बाई किंचाळली. पाच मिनिटांत बाक रिकामा. त्या माणसाला काही झालं नाही, दोन टाके घातले आणि रक्त थांबलं, पण पुढे दोन महिने लोक माझ्याकडे येताना कचरत होते. त्या रिकाम्या बाकाची भीती माझ्या पोटात कायमची बसली. रक्त लोकांना दिसतं. गुठळी दिसत नाही, आणि झालीच तर दुसऱ्या डॉक्टरच्या दारात होते. हे वाक्य मी स्वतःशी कधी उच्चारलं नाही, पण इतकी वर्षं मी त्यावरच चाललो.

शिवाय मला तुझ्याकडे यायचं होतं. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी सगळे मिळून जेवायला जायचं. त्या तीन दिवसांत कोणाच्या तरी दाढेतून रक्त येतंय म्हणून फोन नको होता मला. यात तुझा काही दोष आहे असं कृपा करून समजू नकोस. माणूस आपल्या सोयीला नेहमी एखादं गोड कारण जोडतो, तसं मी तुला जोडलं. मी काकांना म्हटलं, "आजपासून गोळी बंद करा. पुढच्या गुरुवारी दाढ काढू." त्यांनी विचारलं, "चालेल ना डॉक्टर? त्या मोठ्या डॉक्टरांनी एक दिवससुद्धा चुकवू नका म्हणून बजावलंय." मी हातमोजे काढत म्हटलं, "आठ-दहा दिवसांनी काय होतंय? मी सांगतोय ना." ताई ट्रेमध्ये हत्यारं लावत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही असं केलं.

गुरुवारी दाढ निघाली. रक्त जेमतेम आलं. मी स्वतःवर खूश झालो. जाताना त्यांना सांगितलं, "जखम भरू दे. मी सोमवारी परत आलो की बघतो, मग गोळी सुरू करा." म्हणजे आणखी चार दिवस.

रविवारचं जेवण आठव. तुझ्या दोन मैत्रिणी, त्यांचे आईवडील, तू टोपी काढायलाच तयार नव्हतीस. सूप आलं आणि माझा फोन वाजला. मी बाहेर गेलो. ताई होत्या. म्हणाल्या, "शिंपीकाकांना सकाळी हॉस्पिटलात नेलं. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही." मी विचारलं, शुद्धीवर आहेत का? आहेत म्हणाल्या.  मग त्या म्हणाल्या, "गोळी, डॉक्टर." एवढंच. मी परत आत आलो, तू विचारलंस कोणाचा फोन, आणि मी म्हटलं, एका पेशंटला वेळ बदलून हवी होती. मग आपण फोटो काढले. तुझ्या टेबलावर चौकटीत आहे तो फोटो त्यानंतरचा आहे. त्यात मी हसतोय.

सोमवारी हॉस्पिटलात गेलो तेव्हा मी खरंच सगळं सांगणार होतो. निदान तसं मी वाटेत ठरवत होतो. पण बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये काकू आणि तिथल्या डॉक्टर उभ्या होत्या, आणि डॉक्टरांनी मला सरळच विचारलं, "यांची ॲस्पिरिन कोणी बंद केली?" काकू म्हणाल्या, "हे म्हणाले, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या तोंडून जे निघालं ते इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, "छे छे. मी म्हटलं होतं, दाढ काढायच्या दिवशी सकाळी घेऊ नका, दुपारी घ्या. त्यांच्या ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असणार." आणि मग, खारूताई, मी तिथे उभं राहून काकूंना तोच धडा दिला जो काउंटरवर काकांना दिला होता. कण, हाका, दहा दिवसांत सगळे नवे. शांतपणे, समजावणीच्या सुरात, जणू दुसऱ्याच कोणाची चूक आहे. काकूंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "यांना मेलं नेहमी अर्धंच ऐकू येतं." त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. डॉक्टर कशाला खोटं बोलेल?

आत काका पडून होते. त्यांना सगळं कळत होतं. मला बघितल्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि तोंड उघडलं. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. "उद्या." काहीही सांगायचं असलं, पाणी हवं, दुखतंय, खिडकी लावा, की "उद्या". आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगितलं तेवढंच तोंडात राहिलं होतं. मला बघून ते म्हणाले, "उद्या. उद्या. उद्या!" शेवटी ओरडलेच. डोळ्यांतून पाणी. काकू म्हणाल्या, "बघा, अजून शिलाईच डोक्यात आहे." आणि मी, मी त्यांचा हात थोपटला. ते काय म्हणत होते ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला पेन चालत नाहीये, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यात येऊन मी त्यांचा केसपेपर काढला आणि पहिल्या भेटीच्या तारखेखाली एक ओळ घातली: ॲस्पिरिन चालू ठेवण्यास सांगितले. पेन वेगळं होतं, शाई जरा गडद. मागे ताई उभ्या होत्या, मला कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्या दिवशी मी आत होते." मी म्हटलं, "मग?" ताईंशी मी त्या सुरात कधी बोललो नव्हतो. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि महिनाअखेरीस गेल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या गप्प बसण्याचाही फायदा घेतला.

पुढचे आठएक महिने मी दर रविवारी काकांकडे जात होतो. फळं नेत होतो, काकूंसाठी वर्तमानपत्र नेत होतो. काकूंची कवळी सैल झाली होती, ती नवी करून दिली. आसपासचे लोक म्हणायचे, असा डॉक्टर बघितला नाही, नुसती दाढ काढली तर एवढी माया. मी मान खाली घालायचो, त्यांना वाटायचं विनय आहे. आणि दर रविवारी काकू माझ्यासमोर काकांना बोलायच्या. घास भरवताना, उशी नीट करताना. "तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं, गोळी चुकवू नका. स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलंत. माझंही." प्रेमाने बोलायच्या, रडत बोलायच्या, पण बोलायच्या. काका भिंतीकडे तोंड करायचे. मी चहा संपवायचो. मनाशी एकच जप: हे असंही झालं असतं. गोळी चालू असतानासुद्धा कित्येकांना होतं. आणि ते खरंही आहे. तिथल्या डॉक्टरसुद्धा म्हणाल्या होत्या की खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. त्या "कदाचित"च्या आडोशाला मी इतके महिने राहिलो. पण झालं असतं की नसतं हा एक प्रश्न, आणि बंद कोणी करायला सांगितली हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर कदाचित नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी बोलायला शिकवणारी एक मुलगी त्यांच्याकडे यायला लागली. तुझ्याच वयाची असेल. तिने चित्रांचा एक पुठ्ठा आणला होता: घर, पाणी, झोप, औषधाची गोळी, डॉक्टर, घड्याळ, हो, नाही. काकांनी बोट ठेवायचं आणि तिने वाक्य करायचं. एका रविवारी मी बसलेला असताना तिने पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट गोळीवर ठेवलं. मग "नाही"वर. मग ते बोट उचलून त्यांनी माझ्याकडे केलं आणि तसंच धरून ठेवलं. हात खाली घेईनात. काकू हसून म्हणाल्या, "यांना गोळी नको झालीय, तुम्हाला सांगतायत, तुम्ही तरी बंद करा म्हणून." ती मुलगी हसली नाही. ती एकदा काकांकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मी उठलो, कामाचं काहीतरी पुटपुटलो आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो. जिन्यात बसून त्या पायात घातल्या.

तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. तुझ्या आईने विचारलं, तब्येत बरी नाही का? मी केसपेपर घरी आणला होता. जेवताना, आंघोळीला जाताना, कुठेही त्या दोन शाया डोळ्यांसमोर. शेवटी एका बुधवारी सकाळी अकरा वाजता मी गेलो. केसपेपर काकूंसमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. गोळी मी बंद करायला सांगितली. काकांनी बरोबर ऐकलं होतं. त्यांनी मला विचारलंही होतं, चालेल ना म्हणून. ही ओळ मी नंतर घातली. काकांचा काही दोष नाही.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. हात उगारतील असंही वाटलं होतं, आणि त्याची मी वाटच बघत होतो म्हण. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "म्हणजे यांनी बरोबर ऐकलं होतं?" मी हो म्हटलं. मग मी तिथे आहे हे त्या विसरूनच गेल्या. काकांच्या पलंगाच्या कडेला बसल्या, त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "मी किती बोलले हो तुम्हाला. किती बोलले." काका त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी डाव्या हाताने काकूंचा पदर ओढून त्यांचे डोळे पुसायचा प्रयत्न केला. माझ्याकडे ते वळले नाहीत. मी वाट बघत होतो, वेड्यासारखा, की ते काहीतरी म्हणतील. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही आता या डॉक्टर. आणि रविवारी येऊ नका."

त्यानंतर मी तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांना लेखी कळवलं, आणि आपली नोंदणी ज्यांच्याकडे असते त्या परिषदेलाही. केसपेपरची प्रत सोबत जोडली. चौकशी होईल. तोवर मी कोणाच्या तोंडाला हात लावायचा नाही असं मीच ठरवलं, म्हणून दवाखाना बंद आहे, रंगामुळे नाही. ताईंकडेही जाऊन आलो. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "मीही तेव्हाच काकूंकडे जायला हवं होतं. रोज ठरवायचे." म्हणजे माझ्या पापाचा हिस्सा मी त्यांच्याही गळ्यात टाकला होता. तुझ्या पहिल्या दिवशी त्या येणार नाहीत, कारण त्यांना त्या खोलीत उभं राहवत नाही. त्यांना काही वेडंवाकडं लिहिलं असशील तर आजच फोन कर. तुझ्या आईला मी चार दिवसांपूर्वी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मुलीला फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही गोड बोलून वेळ मारून न्याल. लिहा."

खरं तर मी आणखी काही दिवस ढकलले असते. ढकलायची मला सवय झालीय. पण काल काकूंचा फोन आला. काकांची डावीकडची दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, तीन दिवस पेजेशिवाय काही पोटात नाही. त्या त्यांना चाकांच्या खुर्चीत घालून दुसऱ्या एका दंतवैद्याकडे घेऊन गेल्या होत्या. त्याने गोळ्यांची यादी बघितली आणि म्हणाला, ही पाच दिवस बंद करा, मग या. काकूंनी यादी त्याच्या हातातून काढून घेतली आणि खुर्ची वळवून सरळ बाहेर आल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मुलीला येतं का, गोळी चालू ठेवून दाढ काढायला?" मी म्हटलं, येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्या म्हणाल्या, "तिला सगळं सांगितलंय का तुम्ही?" मी म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगा. तिला माहीत नसताना मी यांना तिच्या खुर्चीत बसवणार नाही." तेव्हा तू सोमवारी येशील, आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला तुझे पहिले पेशंट ते असतील. सूज असेल, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोल, नंबर केसपेपरच्या मागे आहे. गोळी चालूच. त्यांना उजवीकडून धरून बसव, तो हात आधार देत नाही. प्रश्न काकूंना नको, त्यांनाच विचार, आणि बोट पुठ्ठ्यावर पोचेपर्यंत थांब. मी त्या दिवशी दवाखान्यात नसेन. दारावरच्या पाटीवर माझं नाव ठेवायचं की काढायचं ते तू ठरव, मी विचारणार नाही. काकूंनी फोन ठेवण्याआधी पुन्हा विचारलं होतं, "नक्की सांगाल ना?" आणि मी म्हटलं होतं, मंगळवारच्या आत तिला सगळं माहीत असेल. त्या बाईशी मी पुन्हा एकदा खोटं बोललो असं होऊ नये, म्हणून हे आज पाचच्या टपालाने जायला हवं.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बाबा